बाबाजींना एकटं कसं ठेवायचं

देहूरोडपासून खंडाळ्यापर्यंत स्वतःच्याच घरात भाडेकरूसारखा राहणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. आमचे सरदार भाऊजी. माझे हे आणि भाऊजी देहूरोडच्या लष्करी डेपोत एकाच शेडमध्ये होते. दोघं एकाच सुमाराला रिटायर झाले आणि लोणावळ्याजवळ कुसगावात शेजारी शेजारी जागा घेऊन दोघांनी घरं बांधली. आम्ही चार माणसं बांधतात तसं बांधलं. भाऊजींनी खाली एक खोली न् मोरी बांधली आणि वर एक ऐसपैस, हवेशीर, तीन बाजूंनी खिडक्या असलेली खोली काढली. चांगली फरशी वर. पंखे वर, पडदे वर. खाली भाऊजींची खाट, स्टोव्ह आणि भिंतीला ओल. मी म्हटलं, "भाऊजी, पाव्हणं ठेवायचं का वरती?" तर म्हणाले, "पाव्हणा मी हाय वहिनी. वरती मालक राहत्यात." मालक म्हणजे त्यांचा गुरू ग्रंथ साहिब. शीख लोकांत दहा गुरू होऊन गेले, आणि शेवटच्यांनी सांगितलं की यापुढं हा ग्रंथच तुमचा गुरू. हे मला भाऊजींनीच समजावलं. आपण पोथी म्हणू, ते पोथी म्हणत नसत. बाबाजी म्हणत. पानालाही पान म्हणायचं नाही, अंग म्हणायचं. त्यांच्या वडिलांनी पंजाबातून आणलेले ते बाबाजी डेपोच्या क्वार्टरमध्ये निम्मं घर अडवून बसलेले मी पाहिले होते. कुसगावात आल्यावर त्यांनी वरचा अख्खा मजला घेतला.

आता गुरू म्हटल्यावर त्याच्या डोक्यावर कुणी असता कामा नये. म्हणून खोली वर. इथपर्यंत ठीक. पण घर पुरं झालं आणि प्लंबर गच्चीवर पाण्याची टाकी चढवायला लागला, तशी भाऊजींनी शिडीच काढून घेतली. बाबाजींच्या डोक्यावर टाकी? अशक्य. मग काय, भाऊजींची टाकी आमच्या गच्चीवर बसली आणि तिथून नळ भिंतीवरून त्यांच्या मोरीत गेला. देहूरोडच्या गुरुद्वाऱ्यातले ग्यानीजी एकदा आले, तेव्हा मी त्यांना विचारलं की असं तुमच्यात लिहिलंय का. ते पोट धरून हसले. म्हणाले, "बहनजी, असं कुठंच लिहिलेलं नाही, हे यांचं स्वतःचं आहे." भाऊजी मात्र गंभीर. म्हणाले, "लिव्हलं न्हाई म्हनून काय झालं? तुमच्या मास्तरांच्या डोसक्यावर तुमी हंडा ठिवला असता का?"

पहाट फुटायच्या आधी त्यांची आंघोळ. लोणावळ्याची थंडी तुम्हाला ठाऊक असेल तर गार पाण्याची आंघोळ म्हणजे काय ते सांगायला नको. अंगावर पहिला तांब्या पडला की 'वाहेगुरू' अशी आरोळी निघायची, की आमची कोंबडी दचकून उठायची. मग केस विंचरणं, पगडी बांधणं, जप, आणि वर जाऊन बाबाजींना उठवणं. रेशमी रुमाल काढून ग्रंथ उघडायचा, वर कापडी छताचा चांदवा, बाजूला वारा घालायची चवरी. संध्याकाळी पुन्हा रुमालात गुंडाळून बाबाजींना निजवायचं. उन्हाळ्यात पंखा, थंडीत दुलई, आणि पावसाळ्यात आमच्याकडची ती हवा! भिंतीला हात लावला तर ओला होतो, मिठाच्या बरणीत पाणी होतं. अशा दिवसांत वर कोळशाची शेगडी, मोठे बल्ब, कापूर. आणि खाली भाऊजींच्या उशीला बुरशी. त्यांची सगळी भाषा ऐकणाऱ्याला वाटावं, वर कुणी फार म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलंय. "बाबाजींना उकडतंय, पंखा आणाया चाललो." "बाबाजी निजले, हळू बोला." एकदा सरकारी दवाखान्याच्या आशाताई लशीची वही घेऊन दारात आल्या आणि मला म्हणाल्या, "काकू, शेजारच्या वरच्या खोलीतल्या आजोबांचा डोस राहिलाय, त्यांचं नाव सांगा." मी त्यांना भाऊजींकडं पाठवलं. भाऊजींनी त्यांना हात धुवायला लावले, डोक्यावर ओढणी घ्यायला लावली, वर नेऊन दर्शन घडवलं आणि खाली आणून पोटभर जेवू घातलं. जाताना आशाताई म्हणाल्या, "तब्येत छान आहे हो आजोबांची!"

सकाळी ग्रंथ उघडला की जिथं उघडेल तिथलं वचन म्हणजे त्या दिवसाचा हुकूम. बाकीचे लोक तो वाचून मनाशी ठेवत असतील. भाऊजींना तो कलेक्टरच्या हुकुमासारखा वाटायचा. भिंतीवरून हाक यायची, "वहिनी, आज हुकूम लय कडक आलाय. मीपणा सोडा म्हनत्यात." आणि माणूस तडक निघायचा तो पाणी सोडणाऱ्या नळवाल्याकडं, कारण आदल्या दिवशी त्याच्याशी भांडण झालेलं. नळवाला बिचारा घाबरायचा, की हे सहा फुटी पगडीवाले आता हात जोडून का उभे आहेत. भांडण भाऊजींचं कुणाशीही व्हायचं आणि मिटायचं ते हुकमानं. आमच्या ह्यांचं म्हणणं होतं की भाऊजी मिटवायला मिळावं म्हणूनच भांडतात.

आणि त्यांचं ते जेवू घालणं! शनिवार-रविवारी पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या गाड्या आमच्या रस्त्यावर अडकून पडतात, लोक तासन्‌तास तिथंच. भाऊजी एका हातात डाळीची बादली, दुसऱ्या हातात पोळ्यांची पाटी घेऊन गाड्यांच्या रांगेत शिरायचे. काच खाली व्हायची, "कितने का है?" भाऊजी म्हणायचे, "फुकट." की काच वर! फुकट म्हटल्यावर माणसाला भीती वाटते, हे मला तेव्हा कळलं. एकदा चार पोरं दारू पिऊन चिक्कीच्या दुकानातल्या मुलीला काहीबाही बोलत होती. भाऊजी मध्ये जाऊन उभे राहिले. कमरेला ती छोटी कृपाण, पण हात त्यांनी तिच्याकडं नेला नाही. त्यांच्या धर्मात ती दुसऱ्याला वाचवायला असते, मिरवायला नाही. नुसतं विचारलं, "पोरांनो, जेवलात का?" मग त्या चौघांना त्यांनी दुकानाच्या ओट्याखाली जमिनीवर मांडी घालून बसवलं आणि वाढलं. एकानं खाताखाता रडायला सुरुवात केली.

जमिनीवर बसणं मात्र चुकायचं नाही. त्यांच्याकडं एक लांब पट्टी अंथरलेली असायची आणि वीजमंडळाचा साहेब येवो नाहीतर ठाकरवाडीवरची मोळी विकणारी बाई येवो, त्या पट्टीवरच बसायचं, एका रांगेत, जो येईल तो पुढं. माझ्या सासूबाईंना आम्ही पहिल्यांदा देहूरोडच्या गुरुद्वाऱ्यात नेलं ते मला आठवतं. आम्ही बौद्ध. सासूबाईंनी तरुणपणी दीक्षा घेतलेली, पण लहानपण गावकुसाबाहेर काढलेलं, दुसऱ्यांच्या लग्नात शेवटी आणि लांब बसून जेवलेलं. पंगतीत त्यांच्या शेजारी कुणा अफसराची बायको बसली. सासूबाई घासच घेईनात. सारख्या इकडं तिकडं बघायच्या. मी हळूच विचारलं, "काय झालं आत्या?" म्हणाल्या, "कुनी उठ म्हनायला येतंय का ते बघती." कुणी आलं नाही. भाऊजी डाळीची बादली घेऊन आले आणि म्हणाले, "मावशी, अजून वाढू?" त्या दिवशी सासूबाई जितकं जेवल्या तितकं मी त्यांना पुन्हा जेवताना पाहिलं नाही.

आमच्या ह्यांचं आणि भाऊजींचं भांडण एकच आणि जन्माचं. हे म्हणायचे, देव एकही नाही. भाऊजी म्हणायचे, देव एकच आहे. मी म्हणायची, "अहो, मग फरक काय तो एकाचाच ना!" डेपोत डबा मात्र दोघांचा एक. ह्यांना तंबाखूची सवय, आणि भाऊजींच्या धर्मात तंबाखू म्हणजे पाप. पण भाऊजींनी ह्यांना कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. फक्त ह्यांनी चंची काढली की भाऊजी वारा कुठून येतो ते बघून दुसऱ्या बाजूला जाऊन बसायचे. आणि वर बाबाजींना भेटायला जायचं असलं की हे आपणहून नळाखाली चूळ भरायला जायचे. देव नाही म्हणणारा माणूस, पण चूळ भरल्याशिवाय त्या जिन्याची पायरी चढला नाही.

हे गेले ते खोकल्याच्या दुखण्यानं. पुण्यानुमोदनाला घर भरलं होतं. वंदना चालू असताना भाऊजी कुठं दिसेनात. मला वाटलं, आपल्या मित्राचं सोसवेना म्हणून कुठं कोपऱ्यात बसले असतील. बाहेर येऊन बघते तर पाहुण्यांच्या चपला पुढ्यात घेऊन हा एवढा थोरला माणूस जमिनीवर बसून एक एक जोडा फडक्यानं पुसतोय. संगतीच्या, म्हणजे जमलेल्या मंडळींच्या, चपला पुसल्या की माणसातला मीपणा पुसला जातो, असं ते म्हणायचे. दाढीवरून पाणी गळत होतं, ते चपलेवर पडलं की पुन्हा पुसायचे. परत जाताना आमच्या इंदुरीच्या चुलतदिरांना आपल्या चपला ओळखूच येईनात, इतक्या स्वच्छ झालेल्या. "माझ्या नव्हत्या अशा," म्हणत ते दुसऱ्याच्या मळक्या चपला घालून गेले. त्या दिवसात मी हसले ती तेवढीच.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरून हाक आली. "वहिनी, दादांसाठी सहज पाठ धरलाय." म्हणजे ग्रंथ पहिल्या अंगापासून शेवटपर्यंत वाचायचा, घाई न करता, रोज जमेल तेवढा. चौदाशेच्या वर अंगं. मी म्हटलं, "भाऊजी, ते तर मानत नव्हते." तर म्हणाले, "मी मानतो ना. दादा डब्यातली भाजी मला न इच्यारता देत व्हते. मी पाठ न इच्यारता देतो."

तिथून त्यांची तब्येत उतरायला लागली. आधी जिना चढताना थांबायला लागले. मग बोलताना. पावसाळा आला, वर शेगडी पेटली आणि खाली भाऊजींच्या छातीत ओल शिरली. तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप खराब आहे, ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर, थांबलात तर मग हातात काही राहणार नाही. भाऊजी ऐकून घेऊन घरी आले, पाय धुतले आणि वर जाऊन वाचायला बसले. आधी डोळे धड नव्हते, आता दमही नव्हता. चार ओळी वाचल्या की थांबायचं. तो आवाज आमच्या खिडकीतून ऐकू यायचा आणि थांबला की माझा हात चुलीवरच थांबायचा. पुन्हा सुरू झाला की मी भाकरी उलटायची. माझ्याच माणसासाठी हे चाललंय आणि त्यात हे माणूस संपत चाललंय, हे मला उघड दिसत होतं.

भाऊजींची बायको आधीच गेलेली, मुलगी गुड्डी नागपूरला दिलेली. ती धावत आली. मी तिथंच होते.

"पापाजी, पुण्यात सगळं ठरवलंय, बॅग भरा."

"भोग पडला की येतो." भोग म्हणजे पाठाची समाप्ती.

"कधी पडणार?"

"बाबाजींना ठाव."

"बाबाजींना नाही, डॉक्टरांना ठाऊक आहे! ग्यानीजी म्हणतात, राहिलेला पाठ दुसऱ्या कुणी वाचला तरी चालतो."

"दादा माझे व्हते का दुसऱ्याचे?"

"आणि बाबाजींना गुरुद्वाऱ्यात ठेवता येतं. तिथं नीट सेवा होते."

तेव्हा मात्र भाऊजी चिडले. "तितं शंभर मानसं. हितं त्यांना माझी सवय हाय. त्यांना एकटं कसं ठेवायचं?"

गुड्डी माझ्याकडं वळून म्हणाली, "काकू, मी बारावीत असताना ताप डोक्यात गेला होता, तेव्हासुद्धा हे संध्याकाळी दवाखान्यातून बाबाजींना निजवायला घरी गेले होते. आई एकटी होती माझ्याजवळ." ती डोळे पुसत नागपूरला परत गेली. तिच्याही घरी शाळकरी पोरं.

ती गेल्यावर मी जिना चढले. हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि मागं बसले. भाऊजी चवरी ढाळत होते. ती चवरी वर जायची आणि खाली यायला वेळ लावायची.

"भाऊजी, एक इचारू?"

"इचारा वहिनी."

"ज्यांच्यासाठी वाचताय त्यांची मी बायको. मी म्हनते, पुरं. त्यांना पोचलं."

"असं तुमच्या म्हनन्यानं पोचतंय व्हय?" एवढ्या दुखण्यातही ते हसले.

"मग दुसरं इचारते. बाबाजी तुमाला सांभाळत्यात, का तुमी बाबाजींना?"

मला काही मोठं बोलायचं नव्हतं. रागानं निघालं तोंडातून. पण भाऊजींचा हात तसाच थांबला. मी उठून खाली आले आणि स्वतःलाच शिव्या घातल्या, की आजारी माणसाला काय बोललीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोळी नाही, हाक नाही. मी भिंतीशी जाऊन उभी राहिले. खूप उशिरा भाऊजी जिना उतरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी हुकूम काय आला ते सांगितलं नाही. म्हणाले, "गुड्डीला फोन करा. ग्यानीजींना म्हनावं, गाडी आना."

बाबाजी निघाले तो दिवस मला अजून डोळ्यांसमोर आहे. ग्यानीजी पांढरीशुभ्र चादर अंथरलेली गाडी घेऊन आले होते. ती गल्लीच्या तोंडाशी उभी, आत येत नव्हती. ग्रंथ डोक्यावर घेऊन न्यायचा असतो, अनवाणी. भाऊजी पुढं झाले. ग्यानीजींनी हात धरला, "जी, वजन उचलायचं नाही." भाऊजी ऐकेनात. तेव्हा गुड्डी म्हणाली, "पापाजी, तुमच्या गुरूंनी बाई-पुरुष एक सांगितलं ना? लहानपणापासून तुम्हीच ऐकवलंत. पण मला कधी उचलू दिलं नाहीत. आज द्या." भाऊजींनी तिच्याकडं असं बघितलं, जसं काही ती त्यांना आत्ताच दिसली. मग त्यांनी स्वतः तिच्या डोक्यावर कापडाची गादी नीट केली आणि त्यावर बाबाजींना ठेवलं. ते मागं चवरी घेऊन. मी पुढं तांब्यातलं पाणी शिंपडत. गल्लीतल्या लोकांनी चपला काढल्या. ठाकरवाडीवरच्या बाईनं डोक्यावरची मोळी खाली टेकवली आणि ती हात जोडून उभी राहिली. भाऊजींचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

देहूरोडहून परत आलो तेव्हा संध्याकाळ होत होती. मी गच्चीवरचे कपडे काढायला गेले. बघते तर भाऊजी समोरच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर. निजवायची वेळ झालेली, पाय आपोआप तिकडं गेले असणार. दार उघडं, खोली रिकामी, फरशीवर बाबाजींच्या मंजीच्या, त्या छोट्या खाटेच्या, पायांचे डाग. ते चौकटीला धरून उभे होते. मला बघून म्हणाले, "वहिनी, टाकी आता हिकडं घेतली तरी चालंल." मी म्हटलं, "राहू द्या तितंच. आमाला सवय झाली."

ऑपरेशन पुण्यात झालं. झडप बदलली, ते काम नीट झालं म्हणाले. पण छातीत पाणी साठलं आणि भाऊजी काही त्यातून उठले नाहीत. डॉक्टर गुड्डीला म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर. ते 'जरा आधी' कुणाच्या नावानं गेलं ते मला ठाऊक आहे. मी त्याबद्दल कुणाशी बोलत नाही. गुड्डीही बोलली नाही. त्यांच्यात गेलेल्यामागं छाती बडवून रडत नाहीत, हुकूम म्हणून मान तुकवतात. ती मान तुकवून बसली होती. मला ते जमलं नाही. मी आपल्या पद्धतीनं रडले.

राहिलेला पाठ देहूरोडला पुढं वाचला गेला. भाऊजी जिथं थांबले होते तिथून. रोज कुणीतरी वाचायचं, कधी ग्यानीजी, कधी एखादी म्हातारी बाई, कधी डेपोतली ड्यूटी करून आलेला जवान. दोनदा मी लोकलनं जाऊन मागं बसून आले. मला त्यातलं अक्षर कळत नाही. आणि मग समाप्तीचा दिवस आला. गुड्डी माझा हात धरून बसली होती. शेवटचं अंग वाचून झालं, सगळे उभे राहिले, आणि अरदास, म्हणजे शेवटची प्रार्थना, म्हणायच्या आधी ग्यानीजी हळूच माझ्याजवळ आले.

"बहनजी, कुणाच्या नावानं?"

मी तोंड उघडलं आणि तशीच राहिले. लग्नातला उखाणा सोडला तर नवऱ्याचं नाव मी कधी घेतलेलं नाही, आमच्या वयाच्या बायका घेत नाहीत. आणि भाऊजींना आयुष्यभर भाऊजीच म्हटलं. दोन्ही नावं माहीत आहेत, पण जिभेवर यायची त्यांना वाटच नाही. सगळी संगत हात जोडून थांबलेली. ग्यानीजींना वाटलं, बाई गोंधळली. ते म्हणाले, "असू द्या. नाव नसलं तरी चालतं. शेवटी आपण सगळ्यांचंच भलं मागतो."

मी म्हटलं, "चालत असंल हो. पण आज घ्याच." आणि मोठ्यानं, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं, आधी एक नाव घेतलं आणि मग दुसरं.